ओलांडलेली दोरी

ऊ सानांच्या घरात नेहमीचं भांडण एकच, धुण्याचं. बायकांच्या लुंग्या मागच्या अंगणात, खालच्या दोरीवर वाळायच्या. त्यांच्याखालून पुरुष गेला की त्याचं तेज उतरतं, ही बापजाद्यांची समजूत. म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावली तेव्हापासून यांगूनच्या बायका नेमक्या त्याच लुंग्या दोरीवर टांगून गल्ल्या अडवू लागल्या होत्या. कारण शिपाईही तेच मानत!

"आमच्या खिडकीला तुमची दोरी बांधायची नाही!" ऊ सान खिडकीखाली जमलेल्या बायकांवर गरजले. "आपल्याला सोडवायला परदेशी जहाजं निघालीत म्हणे. ती येईतोवर दारं लावून बसा."

"कुणी निघालेलं नाही, अहो," त्यांची बायको म्या सेन म्हणाली. "आणि आलेच, तर बॉम्ब काय पत्ता विचारून पडतो? आग विझवायला आलेला पाहुणा घर सोडून जाईलच कशावरून?"

"मग रस्त्यावर उतरलेली पोरं मरू द्यायची?"

"कुणीतरी यावं असं मलाही वाटतं हो! खरं काय, मला नाही कळत. पण दोरी तरी आपल्या हातात आहे ना?"

इतक्यात गोळ्यांचे आवाज आले. ऊ सान खिडकीतून वाकून पाहू लागले. त्यांची मुलगी थिरी गल्लीच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांमागे होती! पोरं जिवाच्या आकांतानं आत पळत सुटली, पण थिरी दिसेना.

समोरच्या बायका अजून लुंग्यांच्या दोरीचं टोक धरून खिडकीखाली ताटकळत होत्या. ऊ सानांनी ते हिसकावून खिडकीच्या गजाला बांधलं. म्या सेननं आपली लाल लुंगी त्यावर टाकली.

दोरीपलीकडे थिरी पाय धरून पडली होती. तिच्यामागून शिपायांच्या बुटांचा आवाज येत होता. ऊ सान दारात क्षणभर थबकले. मग मान खाली न घालता लुंग्यांखालून धावले, पोरीला उचललं आणि तसेच परत आले.

दार लागलं. फटीतून दिसलं, शिपाई दोरीपाशी अडले होते. लुंग्या खाली ओढायला एक जण बांबू शोधत होता. तेवढ्यात गल्लीतली पोरं घराघरांत नाहीशी झाली.

"तेज उतरलं का हो?" म्या सेननं रडत रडतच विचारलं.

"बस्स कर गं!" ते पोरीला कवटाळून म्हणाले.

बाहेर शिपायांनी पेटवलेल्या लुंग्या जळत होत्या. रेडिओ सांगत होता, परदेशांनी तीव्र चिंता व्यक्त केली आहे.

मित्रहो, मदतीची वाट पाहण्यात पाप नाही. पण जुन्या खुळाला कवटाळून, हात बांधून वाट पाहिली, तर मदत पोचेपर्यंत वाचवायला उरतं कोण? ऊ सानांची भीती काही गेली नाही. पण त्यांनी थिरीचा पाय बांधला आणि बायकोला विचारलं,

"तुझी अजून एखादी लुंगी आहे का गं?"