थांबलेल्या होडीचं चित्र

मित्रांनो, मी सिनेमाचा एक जुना कॅमेरा आहे. माझा आवाज करकर, वजन वीटभर. चावी दिली की अर्धा मिनिट पळायचो आणि दमायचो. पण १९५८ साली रेवसजवळच्या एका कोळीवाड्यात मी जे टिपलं, ते आठवलं की अजून अंगात चावी भरल्यासारखं होतं!

माझे मालक दत्तात्रेय माहितीपट काढत. कोणी काहीही सांगितलं तरी 'कशावरून?' असं विचारायची त्यांची खोड. कोळीवाड्यातल्या काळूरामने होडीला इंजिन बसवलं होतं, गावातलं पहिलंच. ते टिपायला आम्ही गेलो होतो.

पण तिथे हरेश्वरबुवांचा शब्द चाले. ते म्हणाले, "यंत्राची होडी दर्याला विटाळ. पोथीत लिहिलंय. भर पाण्यात थांबेल, परत येणार नाही."

"कोणत्या पोथीत? दाखवाल?" मालकांनी विचारलं.

"पोथी मागणारा तू कोण?" बुवा कडाडले आणि त्यांनी काळूरामला वाळीत टाकलं. विहीर बंद झाली. एकही खलाशी येईना. शेवटी त्याची बायको वेणूबाई पदर खोचून सुकाणूवर बसली. बाईमाणूस होडीत! मालकही मला घेऊन होडीत चढले. किनाऱ्यावर सगळा गाव जमला.

इंजिन धडधडलं. होडी अशी सुटली की मालकांच्या हातात मी थरथरू लागलो. वा, काय तो वेग! आणि भर पाण्यात इंजिन गप्प झालं.

काळूरामने कपाळाला हात लावला. "बुवांचा शब्द खरा झाला गं."

"शब्दाचं मंगशी बगू. आदी नळी खोला!" वेणूबाई ओरडली.

मालकांचाही चेहरा उतरला होता, पण त्यांनी मला थांबवलं नाही. काळूरामने तेलाची नळी उघडली. आत चिंधीचा बोळा! तेलाचा डबा त्यानेच चिंधीने झाकला होता. बोळा निघाला, धूर निघाला आणि होडी गरकन वळून किनाऱ्याला आली. तरी बुवा म्हणाले, "थांबली की नाही? मीच दर्याची समजूत घातली, म्हणून परत आली." लोकांनी हात जोडले.

मुंबईत मालकांचा मित्र म्हणाला, "होडी थांबते तेवढं कापून टाक. उगाच बुवांचं फावेल."

"बुवा म्हणतात, 'मी सांगतो ते माना.' मीही लोकांना तेच सांगू? नाही, सगळं दाखवायचं," मालक म्हणाले.

महिन्याभराने कोळीवाड्यात दिवेलागणीला शिडाच्या कापडावर चित्र हललं. होडी थांबली तसे बुवा उठलेच. "बघा! माझा शब्द!"

काहींनी पुन्हा हात जोडले. मग पडद्यावर नळी उघडली, बोळा निघाला, धूर उडाला. बायकांनी टाळ्या पिटल्या, पोरं नाचू लागली. बुवांचा सगळ्यात जुना भक्त बाबाजी कोळी हळूच उभा राहिला. "बुवा, दर्याचा कोप व्हता, तं चिंधी काढल्यावं कसा गेला?"

"चित्र खोटं आहे!" बुवा म्हणाले.

"असेलही," मालक शांतपणे म्हणाले. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. सकाळी होडीत बसा. नळीत बोळा घाला, काढा, स्वतः बघा."

सकाळी बाबाजी आला. त्याने तीनदा बोळा घातला, तीनदा काढला. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा ओरडला! परतल्यावर त्याने सगळ्यांदेखत वेणूबाईच्या हातचं पाणी मागितलं. ते देताना तिचे डोळे भरून आले. गावात काही घरं शेवटपर्यंत बुवांचीच राहिली. पण विहीर उघडली.

आता मी कपाटात पडून आहे. खाऱ्या हवेने माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. कोणी मऊ फडक्याने पुसलं तर बरं वाटेल. पण मित्रांनो, माझ्यासारख्याने दाखवलेलं काही पाहाल, तेव्हा एवढं जरूर विचारा: याच्या आधी काय घडलं, नंतर काय, आणि मधलं कोणी कापलं? माझं भिंग पुसायला तुम्हाला फडकं लागेल. तुमचं मात्र प्रश्नांनीच स्वच्छ राहील.