रांजणाजवळची दहा मिनिटे

चारच्या मोटारीने अभ्यासाचा आराखडा वर्ध्याला गेला नाही, तर हरिदासचे वर्ष बुडणार होते. प्राध्यापकांनी बजावले होते: निरीक्षक दोन हवेत, एकमेकांच्या कागदाकडे न पाहता खुणा करायच्या, आणि दहातल्या आठ जुळल्या तरच अभ्यासाला परवानगी. अल्लीपूरच्या शाळेत पहिली सुट्टी संपली, कागद शेजारी ठेवले, तेव्हा हरिदासच्या एका रकान्यात अकरा खुणा होत्या. दुसरे निरीक्षक वासुदेवराव गुरुजी, त्यांच्या त्याच रकान्यात एकही नव्हती.

दोघे एकाच खिडकीत बसले होते. रकाना साधा होता: पाण्यासाठी थांबणारी मुले.

“गुरुजी, तुम्ही पाहत होते ना?”

“नाई त का झोपलो होतो? पोट्टे आले, पाणी प्याले, गेले. त्यात लिहाचं काय?”

“अकरा जण वाट पाहत उभे होते.”

“कोनाची वाट?”

कोणी ओगराळे उचलून वरून ओतेपर्यंत ती अकरा मुले ओंजळ धरून उभी राहत. गेल्या साली त्यांच्या घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, हरिदासच्याही. रांजणाला हात लावू नका, असे आता शाळेत कोणी म्हणत नव्हते. तरी हात मागेच राहत. गुरुजी खोटे बोलत नव्हते. वीस वर्षे रोज पाहिलेले त्यांना दिसतच नव्हते.

तो रकाना खोडला असता तर सगळे जुळले असते. पाणी प्यायलेली मुले दोघांच्याही मोजणीत चौतीसच होती. हरिदासची पेन्सिल दोनदा रकान्यापर्यंत जाऊन परत आली. तो उठला, वर्गात दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसला. मग त्याने थांबणे म्हणजे काय ते लिहून गुरुजींना वाचून दाखवले: ओंजळ पुढे, हात ओगराळ्यापासून दूर, दुसरा कोणी ओतेपर्यंत.

“आणि काहीही झालं तरी उठायचं नाही, गुरुजी. आपण म्हणजे भिंत.”

“भिंतीले चहा भेटते का, बाप्पा?”

दुसऱ्या सुट्टीची घंटा झाली. पहिल्याच मिनिटात गुरुजींची पेन्सिल हलली. मग पुन्हा हलली. त्यांची थट्टा थांबली. चौथ्या मिनिटाला दोघांच्या कागदांवर पाच-पाच खुणा झाल्या होत्या.

तेवढ्यात ओतणारा मुलगा ओगराळे टाकून खेळायला पळाला. तिसरीतली कोकिळा ओंजळ धरून तशीच राहिली. रांजण तिच्या हाताशी होता. हरिदासने घड्याळ पाहिले. एक मिनिट झाले, दीड झाले.

“हरिदास, ते पोरगी…”

“बसा, गुरुजी. थोडंच राहिलं.”

गुरुजी उठले. धोतर सावरत अंगणात गेले आणि ओरडले, “कोकिळे, घे ना वं! हात मोडले का तुह्ये?”

कोकिळा दचकली आणि पाणी न पिताच पळाली. गुरुजी ओगराळे हातात घेऊन रांजणापाशी उभे राहिले.

हरिदासला आधी रागच आला. आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर दहा खुणा भरल्या असत्या आणि जुळल्याही असत्या. मग त्याच्या लक्षात आले की ती पोरगी उभीच राहावी असे आपल्याला वाटत होते. लहानपणी समुद्रपूरच्या शाळेत तो असाच उभा राहिलेला होता. दीड मिनिट किती लांब असते, हे त्याला घड्याळाने सांगायची गरज नव्हती.

गुरुजी परत आले ते त्याच्याकडे न पाहता.

“लिही, म्हाताऱ्यानं नियम मोडला. पास होते का आता तुह्यं?”

“माहीत नाही.”

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. हरिदासने उभ्यानेच लिहिले: पहिल्या वेळी खुणा जुळल्या नाहीत. दुसऱ्या वेळी पाचपैकी पाच जुळल्या. त्यानंतर मुलगी तहानलेली पाहून दुसरा निरीक्षक उठला व निरीक्षण मोडले. एवढ्यावर त्याला थांबता आले असते. पण पाकीट बंद करण्याआधी त्याने खाली आणखी एक ओळ घातली: पहिला निरीक्षक उठला नाही.