दप्तरावरचं जॅकेट

मुकादम एकतीस वर्षं रस्ते बांधणाऱ्या टोळीवर होते. त्यांचं नारिंगी जॅकेट इतकं भडक, की एकदा तिन्हीसांजेला ते दोरीवर वाळत घातलं तेव्हा शेजारच्या कोंबड्याने सूर्य उगवला म्हणून बांग दिली आणि अख्खी गल्ली उठून दात घासायला लागली. मुकादमांच्या बायकोचं म्हणणं, कोंबडा म्हातारा होता, तो कशालाही आरवायचा. पण दात घासलेच नव्हते, असं तीही कधी म्हणाली नाही.

निवृत्तीनंतर ते जॅकेट रोज सकाळी एकाच कामासाठी अंगावर चढायचं. वसाहतीतली अकरा पोरं रांगेने पायी शाळेत न्यायची. वीस मिनिटांची वाट, त्यातली अर्धी बिनफुटपाथाची. पुढे मुकादम, हातात लाल झेंडी, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला नात. तिला सगळे टिचकी म्हणत, कारण आकार तेवढाच, पण लागायची अगदी बरोबर जागी.

या टिचकीला घरी विचारावं, "काय झालं गं आज शाळेत?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही." रांगेत चालताना मात्र ती न विचारता बोलायची. हलणाऱ्या दाताची हालहवाल, शेजारणीशी झालेली कट्टी, ती मोडल्याची बातमी, आणि फळ्यामागे राहणारी एक पाल, जी टिचकीच्या सांगण्याप्रमाणे सातच्या पाढ्यापर्यंत आली होती आणि आठला अडली होती. मुकादम हे सगळं खालमानेने ऐकत. रंगवून सांगायची घराण्याची विद्या योग्य हाती पडली आहे, एवढं त्यांना कळत होतं. ती वीस मिनिटं गेली असती, तर त्यांच्या दिवसात उरलं काय असतं? चहा आणि कंबरदुखी.

आणि ती जायची वेळ आली. थंडी पडली, सकाळी धुकं धरायला लागलं, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी मुकादमांना फाटकापाशी गाठलं.

"मुकादम, पोरं दिसत नाहीत हो धुक्यात. दुरून फक्त तुम्ही दिसता."

"मी दिसलो म्हणजे मागे पोरं आहेत हे लोकांना कळतं, बाई."

"तुम्हाला ओळखणाऱ्यांना कळतं. सोमवारी प्रत्येकाच्या अंगावर चमकणारं जॅकेट हवं. शाळा घेईल, निवड तुम्ही करा, त्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? पण मी स्वतः तपासणार. दिसली नाहीत तर रांग बंद. मुलं व्हॅनने येतील."

"व्हॅनमध्ये मी कुठे बसू?"

"घरी," बाई म्हणाल्या. वाईट त्यांनाही वाटलं असावं, कारण पुढे उगाचच त्यांनी मुकादमांच्या झेंडीची काठी चांगली आहे म्हणून सांगितलं.

शनिवारी मुकादम टिचकीला घेऊन हेल्मेटं, हातमोजे आणि लोखंडी टोकाचे बूट विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने लहान मुलांच्या जॅकेटांच्या दोन चळती काढल्या. एक नारिंगी, एक लिंबाच्या रंगाची.

"नारिंगी," मुकादम हात न लावताच म्हणाले.

"हल्ली लिंबू जास्त जातो, काका."

"हल्ली काय, हल्ली लोक चहात बर्फही घालतात."

टिचकी गल्ल्याशेजारी बसून पाय हलवत होती. "आजोबा, आपल्या वाटेवर विटांची लांब भिंत आहे ना," ती म्हणाली, आणि पुन्हा पाय हलवायला लागली.

मुकादमांनी दाराबाहेर पाहिलं. दुकानासमोरच विटांचं गोदाम होतं. त्यांनी टिचकीला नारिंगी जॅकेट घालून भिंतीला टेकवलं, चाळीस पावलं मागे आले आणि एक डोळा मिटला. जॅकेट भिंतीत विरघळलं. उरली दोन कोपरं आणि एक नाक. मग लिंबू घातला, तर पोरगी अशी उठून दिसली, की तारेवरच्या कावळ्याने पंखाने डोळे झाकले आणि दुसऱ्या खांबावर बिऱ्हाड हलवलं.

"लिंबू द्या," मुकादम म्हणाले. जुन्या मित्राला गाडीत बसवून परतणाऱ्या माणसासारखा त्यांचा आवाज झाला होता.

बाकी परीक्षा त्यांनी डोळ्यांत तेल घालून घेतली. चकाकणाऱ्या पट्ट्या पाठीवरून पूर्ण फिरल्यात की नाही, नखाने खरवडून निघत नाहीत ना. वेल्क्रो ओढून पाहिली. कुठे खिळ्याला, गाडीच्या दाराला अडकलं तर जॅकेट सुटलं पाहिजे, पोरगं ओढलं जाता कामा नये. दुकानभर कर्र कर्र झालं. मापाची दहाच निघाली, म्हणून अकरावं, टिचकीचं, दोन माप मोठं घ्यावं लागलं. ते तिच्या गुडघ्याला टेकलं.

"वाढत्या अंगाला होईल," मुकादम म्हणाले.

घरी येताच टिचकीने दप्तर पाठीला लावलं आणि जॅकेट त्याच्यावरून चढवलं.

"तसं नाही गं. आधी जॅकेट, मग ओझं. एकतीस वर्षं मी जॅकेट घातलंय."

"तुमच्याकडे दप्तर होतं?"

"फावडं होतं."

"पाठीवर?"

"हातात. फावडं पाठीवर कोण घेतं?"

टिचकीने मान डोलावली आणि जॅकेट काढलं. तिला पटलं, असं मुकादमांना वाटलं.

सोमवारी धुकं असं दाट पडलं, की मुकादमांनी झेंडीच्या काठीने त्याला भोक पाडलं आणि त्या भोकातून रांग पुढे काढली. निघताना टिचकी म्हणाली, "आज मी शेवटी चालते." मुकादमांचं बोट रिकामं राहिलं. पोरगी मोठी व्हायला लागली, असं मनाला सांगत ते पुढे झाले, पण झेंडी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिले.

विटांच्या भिंतीपाशी पाववाल्याची गाडी दिवे लावून कडेला उभी होती आणि आत त्याच्या शेजारी मोठ्या बाई. पाववाल्याला बाईंनी मुद्दाम निवडला होता. त्याच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की उन्हाळ्यात तो त्यांवर पाव शेकतो असं मुकादम सांगत. ह्याला दिसलं म्हणजे कुणालाही दिसलं. रांग समोरून आली तेव्हा त्याने अकरा बरोबर मोजली. गाडीवरून पुढे गेली, पाठमोरी झाली, आणि बाईंची शिट्टी वाजली.

मुकादम परत आले. बाईंनी त्यांना आपल्या जागी बसवलं आणि खाली उतरून पोरांना पुन्हा पहिल्यापासून चालवलं.

"आता बघा," पाववाला म्हणाला. "एक."

"एक काय?"

"एकच दिसतंय, मुकादम. लिंबाच्या रंगाचं कासव."

मुकादमांनी काच पुसली. काचेचा काही दोष नव्हता. काळी, निळी, तपकिरी दप्तरं पाठ झाकून बसली होती आणि त्यांच्याखाली मुकादमांनी खरवडून तपासलेल्या त्या पट्ट्या कुणालाही न दिसता चालल्या होत्या. दहा पोरं धुक्याने गिळली. शेवटी मात्र एक कुबड निघालेलं पोर लखलखत चाललं होतं. दोन माप मोठं जॅकेट, आणि तेही दप्तराच्या वरून.

एकतीस वर्षं. टोळीतल्या एकाही गड्याने पाठीवर कधी काही घेतलं नव्हतं. हे मुकादमांच्या आत्ता, गरम पावांच्या वासात बसून, डोक्यात आलं.

"बाई," ते खाली उतरून म्हणाले, "एक दिवस द्या."

"एकच," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी आजीने शिवणयंत्र खिडकीपाशी ओढलं. दहा जॅकेटं, प्रत्येकाला दोन्ही कुशींत एकेक कळी, कापडाची तिकोनी पट्टी, घालायची, म्हणजे दप्तरावरून बसतील.

"वेल्क्रो तशीच राहू दे गं," मुकादम म्हणाले.

"ते मला कळतं. कळ्यांना कापड आणू कुठून, ते सांगा. माझ्या साड्या चमकत नाहीत."

मुकादम उठले, खुंटीवरचं नारिंगी जॅकेट काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. आजीने एकदा जॅकेटाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"अहो, कोंबड्याचं काय?"

"त्याला आता घड्याळ घेऊन देऊ. काप."

टिचकी टाचण्यांची डबी धरून बसली होती. मुकादमांनी तिला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही फावडं सांगत होता."

आजीने सुईत दोरा ओवता ओवता मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

मंगळवारीही धुकं होतंच. पाववाल्याची गाडी तिथेच, बाई आत. रांग समोरून आली, पुढे गेली, पाठमोरी झाली. अकरा कासवं, दहांच्या काखेखालून नारिंगी डोकावणारी, विटांच्या भिंतीवर अशी उमटली, की पाववाल्याने चष्मा काढून पुन्हा मोजली, आणि बिनचष्म्याचीही अकराच भरली.

बाई काच खाली करून धुक्यात म्हणाल्या, "ठीक आहे. रांग चालू राहील." मग त्यांनी मान जरा बाहेर काढली. "आणि मुकादम कुठे आहेत?"

राखाडी स्वेटरातले मुकादम रांगेच्या अगदी पुढे उभे होते, आणि बाईंना दिसत नव्हते.

"इथे आहेत," टिचकी ओरडून म्हणाली. "माझ्या बोटाला."

"उद्यापासून त्यांनाही एक घाला," बाई म्हणाल्या. "लिंबू."

रांग निघाली. टिचकीने आजोबांचं बोट घट्ट धरलं आणि दहाएक पावलं गेल्यावर, कुणी न विचारताच, म्हणाली, "पालीला आठचा आला."

"काय सांगतेस. सगळा?"

"आठ सकपर्यंत," टिचकी म्हणाली. "पुढचं तिला मी आज शिकवणारे."