सासूबाईंची बोलती बंद झाली तेव्हा

सासूबाईंच्या जिभेला धार होती. कपड्यांना इस्त्री करण्याचं दुकान त्यांनी उभी हयात एकटीने चालवलं, आणि एक सुरकुती दिसली की समोरच्याचा पाणउतारा ठरलेला. सुनेचं आणि त्यांचं एक दिवस धड पटलं नव्हतं.

छातीचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरला आणि त्या एकाएकी गोड झाल्या. सुनेने भाजी मिठाशिवाय वाढली, ती त्यांनी निमूट खाल्ली. नवरा खुशीत म्हणाला, "बघ, आई किती शांत झाली!"

सुनेला मात्र ते खटकलं. ही बाई गप्प बसते? मग ती नीट पाहू लागली. उठताना सासूबाई श्वास रोखायच्या. कुशीवर वळायच्या नाहीत. केस विंचरणं सोडलं होतं. विचारलं की एकच, "काही नाही गं."

दवाखान्यात डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "दुखतं का कुठे?"

"छे, मस्त आहे मी."

"आमची आई लोखंडाची आहे," नवरा म्हणाला.

सुनेचं डोकं फिरलं. "खोटं बोलतायत त्या! डॉक्टर, जरा इकडे बघा. हात वर करायला सांगा त्यांना."

"तू गप गं!" सासूबाई ओरडल्या.

"नाही बसणार गप. आई, केस का विंचरत नाही? घरात एवढं चुकतंय, मला बोलत का नाही?"

"अगं, तमाशा करू नकोस," नवऱ्याने तिचा दंड धरला. तिने त्याचा हात झटकला.

सासूबाईंनी हात उचलला. खांद्यापर्यंतही गेला नाही, तोंडून किंकाळी फुटली. मग त्या हमसून रडू लागल्या. "दुखतं म्हटलं तर हे डॉक्टर म्हणतील, कॅन्सर वाढलाय. औषध बंद करून घरी पाठवतील मला."

डॉक्टर ओशाळले. खुर्ची ओढून जवळ बसले. "दुखणं सांगितलं म्हणून उपचार थांबत नाहीत, आजी. ते कमी करणं हाही उपचारच आहे." त्यांनी पाठ तपासली, मॉर्फिन लिहून दिलं.

"मॉर्फिन? सवय लागेल हो तिला," नवरा दचकला.

"कॅन्सरच्या दुखण्यावर नीट मोजून दिलं तर तशी भीती नसते," डॉक्टर म्हणाले.

"आणि लागली तर लागू दे!" सून कडाडली. "लोखंड म्हणे! माणूस आहेत त्या."

दुखणं पुरतं गेलं नाही, पण सासूबाईंना झोप लागू लागली. सुनेचा राग मात्र उतरेना. इतके दिवस बाई डोळ्यांदेखत तळमळत होती आणि घर तिचं कौतुक करत होतं. त्या घरात आपणही होतो, हे तिला सर्वात जास्त झोंबत होतं.

"नवऱ्यावर किती दिवस फुगून बसणार?" सासूबाईंनी एका दुपारी विचारलं. "घाबरलाय तो."

"घाबरू दे," सून म्हणाली आणि त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली.

"हळू! हात आहेत की चिमटे?"