हलका हात

तान्हीच्या मांडीला चिमटीत धरण्याइतकंही मांस नव्हतं. नर्सनं एकदा दाखवलं, दुसऱ्या वेळी सुई सासूबाईंनीच हातात घेतली. पोरीला रडायचं सुचायच्या आत ती टोचून बाहेरही काढली. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

त्यांचा हात हलका, यात वादच नाही. शिलाईच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य काजं केली आणि घरी मुलाला इन्सुलिन टोचलं. माझ्या नवऱ्याला साखरेचा आजार पाळण्यात असल्यापासूनच. लग्न झालं, मिशी पिकायला लागली, तरी रोज सकाळी स्वारी शर्ट वर करून आईपुढे हजर. मी त्याला चिडवायचे आणि खरं सांगायचं तर मनातून जळायचेही. आता मुलीलाही तेच निघालं, तेव्हा ही पण माझ्या हातून गेली असं वाटून मला रडू आलं.

मग पोरीच्या जनुकांच्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. अंगात इन्सुलिन तयार होतं, पण ते बाहेर सोडणारं दार जन्मापासून अडकलेलं. हा दोष बापाकडून आलेला. अशा बाळांना बहुतेक वेळा साधी गोळी पुरते. गोळी जुनीच, मोठ्यांच्या मधुमेहावरची. ती इथेही चालते हे मात्र पूर्वी कुणाला ठाऊक नव्हतं. पोरीला लागू पडली तर सुई सुटेल. पुढे कदाचित बापाचीही.

गोळी पाण्यात कालवून पाजायला लागलो. साखर आधी हटून बसली, मग हळूहळू उतरली. एका सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता इंजेक्शन नको. नवरा ओक्साबोक्शी रडला. सासूबाई उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले.

"गोळी तेव्हाही होती ना गं?" त्यांनी विचारलं.

"होती. पण कुणाला माहीतच नव्हतं, आई."

"पलंगाखाली लपायचा तो. पाय धरून ओढून काढायचे मी. आई नको, आई नको म्हणायचा. ऐकलं नाही मी."

"ऐकलं असतंत तर तो आज नसता. मग माझी पोरगी तरी कुठली?"

हे मी मनापासून म्हटलं, पण त्यांना ते पुरलं नाही. त्या आत गेल्या. नवरा मुलीला मांडीवर घेऊन बसला होता.

"खूप दुखायचं का रे?" इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"छे गं," तो म्हणाला, पण वर बघितलं नाही.

सासूबाईंनी मान हलवली आणि नातीला घ्यायला हात पुढे केले.