यकृत जागेवर

या, जरा जवळ सरकून बसा. कुणाला खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या. गोष्ट पोटाची आहे, मध्येच तोडली तर पचायची नाही. देवाने एक बाई आतून उलटी घडवली, त्याची ही हकीकत. देवाला त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरांना मात्र फार राग आला.

एका हॉस्पिटलात एक्स-रे काढणारे एक गृहस्थ होते. पेशंट एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून हे सगळ्यांचे फोटोमामा. तीस वर्षं लोकांची हाडं बघून माणसं आतून सारखीच असतात, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं.

एका सकाळी इस्त्रीवाल्या मावशी ऑपरेशनआधी लागणारा छातीचा फोटो काढायला आल्या. दोन वर्षं डाव्या बरगडीखाली कळ, वर उलट्या. पाच डॉक्टर झाले. एकाने गॅस सांगितला, दुसऱ्याने मनाचा खेळ, तिसऱ्याने इस्त्रीला दोष दिला. अखेर सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, आणि मोठ्या सरांनी दुसऱ्याच दिवशीचं ऑपरेशन ठरवलं.

मामांनी फोटो उजेडात धरला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. हृदय उजवीकडे, यकृताची दाट सावली डावीकडे! पुन्हा काढला, पुन्हा तेच. आपल्या भाषेत हृदयही काळीज आणि यकृतही काळीज. मावशींच्या दोन्ही काळजांनी आपापसांत जागा बदलल्या होत्या.

"दादा, कशी दिसते हो मी आतून?"

"जगावेगळ्या आहात, मावशी."

"आमचे हे पण असंच म्हणायचे. कौतुकाने नव्हे."

मामा धावत सरांकडे गेले. सरांनी फोटो बघितला, लगेच उलटा केला आणि समाधानाने मान डोलावली.

"मामा, उलटा धरला होतात."

"नाही सर, डाव्या बाजूची खूण मी स्वतः ठेवली होती."

"म्हणजे खूणही उलटी ठेवलीत! निवृत्तीला किती राहिले?"

"आठ महिने."

"मग आठ महिने तरी डावं-उजवं बघून काम करा. हा सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचा. काय लिहिलंय? यकृत जागेवर."

आता ही ओळ मामांच्या चांगल्या ओळखीची होती. खडे वगैरे काय ते हाताने भरायचं, बाकीचा रिपोर्ट आधीच छापलेला. मागे एका आजोबांच्या रिपोर्टात गर्भाशयही व्यवस्थित निघालं होतं.

"पण सर, बाईंना दुखतं डावीकडे."

"कळ सरकते, मामा. असं होतं."

पित्ताशय यकृताला चिकटलेलं. यकृत डावीकडे, म्हणजे खडेही डावीकडे, आणि सर चिरा देणार उजवीकडे. मामा सिस्टरांना सांगायला गेले, तर त्यांनी हातच जोडले. "मामा, सरांच्या वाटेला जाऊ नका. आठ महिने गप बसा, हारतुरे घ्या आणि सुखाने घरी जा." सल्ला लाखमोलाचा होता. मामांना तो दिवसभर गोड लागला, फक्त घशाखाली उतरेना.

सकाळी मावशी टेबलावर होत्या, भूल अजून द्यायची होती. उजव्या बाजूला औषध फासून रेघही ओढून झाली होती. तेवढ्यात डोक्यावर टोपी कशीबशी अडकवून मामा आत शिरले.

"सर, नोकरी गेली तरी चालेल. एकदा यांच्या छातीवर हात ठेवा."

"बाहेर व्हा!"

"होतो. आधी हात ठेवा."

या माणसाला एकदाचा गप्प करायचा म्हणून सरांनी मावशींच्या छातीवर डावीकडे हात टेकवला. काहीच लागेना. सरांच्या कपाळावर घाम आला. हात हळूहळू उजवीकडे सरकला, आणि तिथे मावशींचं काळीज धडधडत होतं.

मावशी मात्र प्रसन्न. "पाच जणांनी माझे कागदच तपासले, बाबा. हात लावणारे तुम्हीच पहिले."

सरांनी उजवीकडची रेघ स्वतः पुसली आणि भूल चढल्यावर डावीकडे चिरा दिला. खडे निघाले, चांगले हरभऱ्याएवढे. आठव्या दिवशी मावशी घरी गेल्या.

पुढे डॉक्टरांच्या मोठ्या सभेत सरांनी ही दुर्मीळ केस मांडली. आपल्या तीक्ष्ण नजरेचं वर्णन करताना त्यांचा कंठ दाटून आला. त्यांनी गुरूंचे आभार मानले, पत्नीचे मानले, पडदा लावणाऱ्याचेही मानले. त्याच आठवड्यात मामांना लेखी समज मिळाली: परवानगीशिवाय ऑपरेशनच्या खोलीत शिरल्याबद्दल. मामांनी ती वाचली, सही केली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तर मंडळी, देवापुढे उभे राहाल तेव्हा या फोटोमामांची आठवण काढा. जमलं तर सरांसाठीही हात जोडा. त्यांना अजून पुष्कळ पोटं उघडायची आहेत.