तिसरा उमेदवार

पंडित शिपायाने हजेरीचा कागद प्रशीलसमोर सरकवला आणि टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. कागदावर तीन नावं होती. पहिल्या दोन नावांपुढे सह्या झाल्या होत्या. तिसरं नाव त्याचं होतं.

“करा सर सही. आत बठ्ठा वाट देखी राह्यनात.”

“करतो,” प्रशील म्हणाला. “आधी जरा पाणी मिळेल का?”

पंडित पाणी आणायला गेला. शेजारच्या खुर्चीत बसलेला हितेंद्र हसला.

“सही आधी, पाणी मागून. इतक्या ठिकाणी जाऊन आलात सर, अजून शिस्त आली नाही तुम्हाला.”

“तुमची कितवी ही?”

“चौदावी. एवढ्या वेळा ग्रामपंचायतीला उभा राहिलो असतो तर लोकांनी दया येऊन तरी निवडून दिलं असतं.” हितेंद्रने पाय लांब केले. तो चोपड्याला शिकवणी वर्ग चालवायचा आणि आता त्याला कॉलेजची नोकरी नकोच होती, असं तो सांगायचा. “जेवण कसं आहे बघू. पाचोऱ्याला बासुंदी होती. इथे शेवभाजीवर भागवतील असं वाटतंय.”

पहूरच्या पुढे चार किलोमीटरवर असलेल्या या कॉलेजात भूगोलाच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. जागा कुणाला द्यायची हे ठरलं होतं. पण तीन पात्र उमेदवार हजर असल्याशिवाय मुलाखत ग्राह्य धरली जात नाही. म्हणून ज्याची जागा ठरलेली असते, तो आपल्या ओळखीतले दोन जण गाडीत घालून आणतो. ते सह्या करतात, आत जातात, दोन-तीन प्रश्नांना ‘आत्ता आठवत नाही’ म्हणतात, जेवतात आणि घरी जातात. त्यांना सगळे डमी म्हणतात. आज मी तुझा डमी, उद्या तू माझा. प्रशील नऊ वर्षांत अकरा वेळा असा जाऊन आला होता. त्याच्यासाठी जायची वेळ मात्र कुणावर आली नव्हती.

आज जिची जागा ठरली होती ती शीतल व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. नवी साडी, हातात फाईल. ती त्याची विद्यार्थिनी. धुळ्याच्या कॉलेजात तो तासिका तत्त्वावर शिकवायचा आणि जोडीला करिअर मार्गदर्शन केंद्र सांभाळायचा. केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक कपाट आणि तो. तिथे तो एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांना अर्ज लिहायला शिकवायचा, खोट्या मुलाखती घ्यायचा. खुर्चीच्या कडेवर बसू नका, हात मांडीवर ठेवा, येत नसेल तर येत नाही म्हणा. शीतल दोन वर्षं त्या खोलीत येत होती. परवा तिचाच फोन आला होता.

“सर, एक जण ऐनवेळी नाही म्हणाला. दुसरं कुणी मिळत नाही. तुम्हाला कसं सांगू कळत नाही.”

“सांगू नकोस. कुठे यायचं ते सांग.”

तेव्हा तो सहज बोलून गेला होता. रात्रभरात ते तितकं सहज राहिलं नाही. यंदा धुळ्यात त्याला आठवड्याचे चारच तास मिळाले होते. वय एकोणचाळीस. त्याची बायको प्रज्ञा जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती असताना मुलाखतीच्या दिवशी शर्टाला इस्त्री करता करता विचारायची, “आजची खरी आहे की दुसऱ्याची?” दुसऱ्याची असली तरी इस्त्री तेवढीच कडक करायची. आज सकाळी त्याने स्वतः इस्त्री केली. आई, द्रौपदाबाई, दारात उभी राहून बघत होती. मग तिने डब्यात दोन भाकरी जास्त घातल्या.

पंडितने पाणी आणलं. प्रशील ते सावकाश प्यायला. कागद मांडीवर तसाच होता. सही केली नाही तर काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. मुलाखत रद्द. जागेची परवानगी महिनाअखेरीस संपत होती, म्हणजे जागाही गेली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात काहीतरी होतं, आणि ते फक्त मोडण्यापुरतं होतं. उठायचं, फाटकाबाहेर जायचं, येईल त्या गाडीला हात करायचा. बस.

शीतल जवळ आली. तिने त्याच्या हातातलं पेन पाहिलं.

“सर, तुम्हाला नको वाटत असेल तर राहू द्या.”

“मग तुझं काय होईल?”

“काही नाही. घरी बसेन.” ती हळू बोलत होती. “सासरे इथे संचालक आहेत. सुनेनं आपल्याच कॉलेजात नोकरी केली तर चालतं. दुसरीकडे पाठवणार नाहीत. जळगावला एका ठिकाणी माझं झालं होतं सर, मागच्या वर्षी. खरोखरचं. जाऊ दिलं नाही.”

“हे कधी बोलली नाहीस.”

“काय बोलणार होते?”

हितेंद्र मोबाइलमध्ये बघत असल्यासारखा बसला होता. प्रशीलने सही केली. पंडित कागद घेऊन लगबगीने आत गेला.

“झालं,” हितेंद्र म्हणाला. “आता आत फार बोलू नका. तुमचा चेहरा हुशार माणसाचा दिसतो, तेवढा एक दोष आहे. डमीनं थोडं घाबरल्यासारखं दिसावं.”

शीतल आधी गेली, मग हितेंद्र. हितेंद्र चार मिनिटांत बाहेर आला आणि बोटांनी खूण केली, की काही विशेष नाही. प्रशील आत गेला.

लांब टेबलामागे पाच जण होते. मधोमध संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी प्राचार्य. टोकाला बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या विषयतज्ज्ञ बसल्या होत्या. पाटीवर ज्योत्स्ना हे नाव होतं, आडनाव फाईलमागे झाकलं गेलं होतं. प्राचार्यांनी नाव, शिक्षण विचारलं. दुसऱ्याने नकाशाच्या प्रमाणावर काहीतरी विचारलं. प्रशील म्हणाला, “आत्ता आठवत नाही, सर.” अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली.

“तुमचा प्रबंध साक्री तालुक्यातल्या आठवडे बाजारांवर आहे,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्यांच्यासमोर त्याच्या अर्जाची प्रत होती आणि त्यातलं एक पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं. “माणूस जवळचा बाजार सोडून लांबच्या बाजाराला का जातो?”

आत्ता आठवत नाही. एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

“बुधीबाईंमुळे ते कळलं, मॅडम,” तो म्हणाला.

“कोण बुधीबाई?”

“डोंगरातल्या एका पाड्यावरच्या. टोपल्या विकायच्या. चार किलोमीटरवर बाजार होता, पण त्या अकरा किलोमीटर चालून दुसऱ्या बाजाराला जायच्या. मी भाव तपासले. दोन्हीकडे सारखे. गिऱ्हाईक तपासलं. जवळच्या बाजारात उलट जास्त. माझं गणित काही जुळेना.”

“मग?”

“माझ्या यादीत चाळीस प्रश्न होते. त्यात नव्हता असा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला. ती सर्वेक्षणाला बरोबर यायची, बायका तिच्याशी बोलायच्या. तिने विचारलं, तिथे तुम्हाला कोण भेटतं?” प्रशील थांबला. हात मांडीवर ठेवायला तो विसरला होता, ते टेबलावर होते. “त्यांची मुलगी त्या बाजूला दिली होती. माहेरी यायला तिला सवड नव्हती. आठवड्यातून एकदा बाजारात दोघी तासभर शेजारी बसायच्या. टोपल्या विकल्या गेल्या तर बरं, नाही गेल्या तरी चालायचं.”

तो पुढे बोलत राहिला. मग आम्ही सगळ्यांनाच तो प्रश्न विचारला, म्हणाला. तीनशे बारा घरं. लांबच्या बाजाराला जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि प्रत्येकीला तिथे कुणीतरी भेटत होतं. रस्ता झाल्यावर जवळचा बाजार वाढेल असा सरकारचा अंदाज होता. वाढला लांबचा. त्याने नकाशाचं प्रमाणही सांगितलं, मघाशी न आठवलेलं. त्याने नद्या सांगितल्या, घाट सांगितले, कोणत्या वारी कुठल्या वाटेवर किती माणसं असतात ते सांगितलं. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

“हे प्रबंधात आहे?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

“बुधीबाईंचं तळटीपेत आहे, मॅडम. मार्गदर्शक म्हणाले, मुख्य मजकुरात शोभणार नाही.”

त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मार्कांच्या कागदावर की नुसत्याच कोऱ्या, ते त्याला दिसलं नाही.

तो उठला तेव्हा प्राचार्य त्याच्याबरोबर दारापर्यंत आले.

“छान बोललात,” ते म्हणाले. “निकालाचं काही माझ्या हातात नाही, तुम्हाला कल्पना आहे. पण आमच्याकडे भूगोलाचे नऊ तास रिकामे आहेत. तासिकेवर. तुमच्यासारखा माणूस आला तर आनंदच आहे. विचार करा.”

“करतो, सर.”

बाहेर आल्यावर त्याला हलकं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं होतं. जेवताना हितेंद्र त्याच्याकडे रोखून बघत होता.

“पंचवीस मिनिटं,” हितेंद्र म्हणाला. “आत काय लग्न लावत होतात काय?”

“प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं.”

“बिघडवलंत सगळं.” पण तो चिडला नव्हता. त्याने प्रशीलच्या ताटात शेवभाजी वाढली. “कसं वाटलं?”

“बरं वाटलं.”

“वाटणारच. मी सातव्या वेळी केलं होतं असं. फरक काही पडला नाही. पण त्या रात्री झोप चांगली लागली.”

“नऊ तास देतो म्हणाले,” प्रशील म्हणाला. “मुलाखत ऐकून.”

हितेंद्रने घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

चार वाजता गाडी फाटकाशी आली. हितेंद्र पुढे जाऊन बसला. शीतल मागून घाईघाईने आली. निकाल अजून जाहीर व्हायचा होता, पण स्टाफरूममध्ये तिला पेढा भरवून झाला होता. पदर तिने नीट घेतला होता. व्हरांड्यात तिचे सासरे कुणाशी तरी बोलत उभे होते.

“सर, प्राचार्य बोलले ना तुमच्याशी?” तिने विचारलं. “तासांचं?”

“बोलले. तुला कसं माहीत?”

“मीच सांगून ठेवलं होतं सासऱ्यांना.” तिचा चेहरा खुलला. दिवसभरात पहिल्यांदाच. “तुमचे तास कमी झाल्याचं मला कळलं होतं. म्हटलं, सर माझ्यासाठी येणार, तर सरांचंही काहीतरी व्हायलाच पाहिजे. ते लगेच हो म्हणाले. परवाच ठरलं, तुम्हाला फोन करायच्या आधी.”

“परवा,” प्रशील म्हणाला.

“हो सर. आज आत काय झालं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे तुम्ही निश्चिंत राहा.”

गाडीचं इंजिन चालूच होतं. आतून हितेंद्रने दोघांकडे पाहिलं आणि काच वर केली. प्रशीलने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. भाकरी तशाच होत्या. धुळ्याहून पहूर, पहूरहून इथे, आठवड्यातून तीनदा. नऊ तास आणि धुळ्यातले चार.

“विभागाचं वेळापत्रक कोण करतं इथे?” त्याने विचारलं.

“आता मलाच करावं लागेल, सर. विभागात पूर्णवेळ मी एकटीच.”

त्याने मान हलवली. व्हरांड्यातून सासऱ्यांनी तिला हाक मारली. ती वळली, पण गेली नाही, त्याच्या उत्तरासाठी थांबली.

“मॅडम,” प्रशील म्हणाला, “माझे तास शक्यतो सकाळचे ठेवा. दुपारनंतर इथून गाडी मिळत नाही.”